एल पाल्मारचा भात

व्हॅलेन्सियात पाएया दुपारीच खातात. रात्री पाएया मागणारा माणूस परगावचा, हे तिथल्या वाढप्याला लगेच कळतं. मागितल्यापासून वीस मिनिटांच्या आत ती समोर आली, तर ती आपल्यासाठी शिजलेली नाही असं समजावं. आणि चौकातल्या फलकावर पिवळ्याधमक भातावर कोळंबी रचलेलं रंगीत चित्र दिसलं, तर तिथून पुढे चालू लागावं. हे सगळे नियम भाच्याने मला पहिल्याच संध्याकाळी सांगून टाकले. तो तिथल्या पॉलिटेक्निक विद्यापीठात शिकतो आणि खाण्याच्या बाबतीत पक्का तिथला झाला आहे. "मावशी, शहरात नाही खायची," तो म्हणाला. "रविवारी तुला एल पाल्मारला नेतो. धान तिथंच पिकतं, तिथंच शिजतं."

माझं सासर वरोऱ्याचं, माहेर नागभीड तालुक्यातलं. चंद्रपूर जिल्हा नकाशावर एक असला तरी जेवणाच्या ताटात त्याचे दोन भाग पडतात. वरोरा-भद्रावतीकडे काळी जमीन. कापूस, सोयाबीन, तूर, आणि मागच्या पिढीपर्यंत ज्वारी. तिथून पूर्वेला मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरीकडे सरकत गेलं की झाडीपट्टी लागते. शेताच्या बांध्या होतात, गावागणिक तलाव दिसू लागतो, आणि श्रावणात चिखलात वाकलेल्या बायांची रांग दिसते. लग्न होऊन वरोऱ्याला आले तेव्हा दोन्ही वेळेला भाकरी आणि शेवटी ताकाबरोबर मूठभर भात, हे अंगवळणी पडायला मला वेळ लागला. माहेरी भात हेच जेवण होतं. बाकी सगळं त्याच्या जोडीला. त्यामुळे धान पिकतं त्याच गावात बसून भात खायचा, हे भाच्याला मला दोनदा सांगावं लागलं नाही.

रविवारच्या आधी गुरुवार आला. दर गुरुवारी दुपारी बाराला व्हॅलेन्सियाच्या कॅथेड्रलच्या दाराशी पाण्याचं न्यायालय भरतं. कोरीव कमानीच्या त्या दाराला प्रेषितांचं दार म्हणतात. शहराभोवतालच्या शेतीला पाणी देणारे आठ पाट, म्हणून आठ पंच. आठही जण शेतकरी, शेतकऱ्यांनीच निवडलेले. अंगात काळे झगे, बसायला लाकूड आणि चामड्याच्या जुन्या खुर्च्या, भोवती लोखंडी कठडा, बस. वकील नाही, टंकलेखक नाही, कागद नाही. बाराचे टोल पडले की भालदार एकेका पाटाचं नाव पुकारतो: या पाटाविषयी कुणाची तक्रार? तक्रार असेल तर तोंडी मांडायची, उत्तर तोंडी द्यायचं, निकालही तोंडी, तिथल्या तिथे. ज्या पाटाचा वाद असेल त्या पाटाच्या पंचाने निकालात मत द्यायचं नाही. अरबांच्या राजवटीपासून हे चालत आलं आहे असं मानतात. २००९ साली युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशात जागा दिली. मी गेले त्या दिवशी एकही तक्रार आली नाही. आठ नावं पुकारली गेली, आठ वेळा शांतता झाली, आणि पंच उठले. प्रवासी लोक थोडे हिरमुसले. मला मात्र तक्रार नसणं हेच मोठं वाटलं.

आमच्या भागातले तलाव मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जातात. त्यातले कितीतरी कोहळी समाजातल्या जाणत्या लोकांनी बांधले. पाणी कुठून येईल, पाळ कुठे घालावी, कुठल्या बांधीला आधी पाणी सोडावं हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. पाणी वाटायला गावाचा पाणकर असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. जुलमी वसुली गेली हे फार चांगलं झालं. पण त्याच झपाट्यात तलाव सांभाळण्याची गावाची रीतही गेली. गाळ साचला, पाळी फुटल्या, कडेने अतिक्रमण झालं. कॅथेड्रलच्या दारात उभं राहून मला वाटलं, राजे बदलले, धर्म बदलले, हुकूमशहा आला आणि गेला, तरी या लोकांनी पाण्याचा निवाडा शेतकऱ्यांच्या हातून सुटू दिला नाही. पुढे एल पाल्मारच्या टेबलावर जे आलं, त्याची चव मला या गुरुवारमुळेच पुरती कळली.

रविवारी शहर बसने निघालो. सप्टेंबरचं लख्ख ऊन. एल सालेर मागे पडलं, डाव्या हाताला पाइनचं जंगल आणि त्याच्या पलीकडे भूमध्य समुद्र. उजव्या हाताला एकदम पाणी उघडलं. हा आल्बुफेरा, व्हॅलेन्सियाच्या दक्षिणेला दहा-एक किलोमीटरवरचा गोड्या पाण्याचा विस्तीर्ण तलाव. समुद्र आणि तलाव यांच्यामध्ये वाळूचा अरुंद पट्टा, त्यातून काढलेले कालवे, आणि कालव्यांवर दारं. पाणी कधी अडवायचं, कधी समुद्रात सोडायचं, ते धानाच्या हंगामावर ठरतं. तलावाच्या तिन्ही बाजूंना बांध्या. मे महिन्यात पेरलेलं धान आता पिकलं होतं आणि चिखलातून चालणारी, पट्ट्याच्या चाकांची कापणी यंत्रं फिरत होती. त्यांच्यामागे बगळ्यांचे थवे. आमच्याकडे त्याच दिवसांत धान नुकतं पोटरीत असतं, आणि कापणीला दिवाळी उजाडते. पूर्वी इथेही पऱ्हे टाकून हाताने रोवणी होत असे. वाकलेल्या माणसांची जुनी छायाचित्रं मी शहरात पाहिली होती. आता रोवणी राहिली नाही, बियाणं थेट पाण्यात फेकतात. आमच्या बायांच्या कमरेचा विचार केला तर ते बरंच म्हणायचं.

एल पाल्मार हे एकेकाळी तलावातलं बेट होतं. आता पूल आहे, रस्ता आहे, पण गावाच्या अंगाला अजून कालवे वाहतात आणि त्यात लाकडी नावा बांधलेल्या असतात. गवताच्या उतरत्या छपराची, मातीच्या भिंतींची जुनी घरं मोजकीच उरली आहेत. ती पाहिली आणि मला झाडीपट्टीतली तणसाने शाकारलेली घरं आठवली. आधी नावेतून तासभर फिरलो. पाणी जेमतेम पुरुषभर, बहुतेक जागी त्याहूनही कमी. पूर्वी बांबूसारख्या लांब काठीने नाव ढकलत, आता मोटर आहे. नावाडी मोकळेपणाने बोलत होता. त्याच्या आजोबांच्या काळात पाणी इतकं नितळ होतं की तळ दिसे आणि लोक तेच प्यायचे. मग १९६०-७० च्या दशकांत शहराची गटारं आणि कारखान्यांचं पाणी तलावात आलं, आणि तळाच्या वनस्पती मेल्या. ते नितळपण अजून परतलेलं नाही. समुद्राकडच्या जंगलात त्याच काळात इमारती उठू लागल्या होत्या. व्हॅलेन्सियाच्या लोकांनी आंदोलन करून ते थांबवलं, आणि १९८६ साली सगळा परिसर निसर्ग उद्यान म्हणून राखला गेला. चंद्रपूरच्या रामाळा तलावात शिरणारं सांडपाणी आणि त्यावर पसरणारी जलपर्णी पाहिलेल्या माणसाला हे सगळं नवं नव्हतं.

२९ ऑक्टोबर २०२४ चा पूरही नावाड्याने सांगितला. वरच्या डोंगरात आभाळ फाटलं, कोरड्या ओढ्यांतून पाणी आलं, पश्चिमेच्या पायपोर्ता, कातारोजासारख्या गावांत दोनशेहून अधिक माणसं गेली, आणि त्या गावांतला चिखल, लाकूड, प्लास्टिक वाहत वाहत याच तलावात येऊन पडलं. धान तेवढं आधीच कापून झालं होतं. एवढं सांगून तो बराच वेळ गप्प राहिला, आम्हीही काही विचारलं नाही.

या तलावाच्या मालकीचा इतिहास मोठा आहे. १२३८ साली राजा पहिला जाउमे याने व्हॅलेन्सिया जिंकलं आणि तलाव स्वतःकडे ठेवला. मासेमारांना हक्क दिला तो राजाला वाटा देण्याच्या अटीवर. पुढे तो शासनाकडे गेला, आणि १९११ च्या कायद्याने व्हॅलेन्सिया शहराचा झाला. मासे कुठे धरायचे याच्या जागा ठरलेल्या आहेत आणि त्या दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटतात, म्हणजे चांगली जागा कायमची एकाच्या घरात राहत नाही. मला ही रीत फार न्यायाची वाटली होती, पण तिच्यातला अन्याय मला पुढे जेवताना कळला. ब्लास्को इबान्येस या व्हॅलेन्सियाच्या कादंबरीकाराने 'कान्यास ई बार्रो' ही कादंबरी १९०२ साली लिहिली ती याच गावावर. तीत म्हातारा आजोबा हाडाचा मासेमार, आणि त्याचा मुलगा नावा भरभरून माती आणून तलावाचा तुकडा बुजवतो, धानाची जमीन करायला. आमच्याकडे तलावाचं पाणी बांध्यांना सोडायचं की मासोळीसाठी राखायचं, यावरून शेतकरी आणि ढिवर यांच्यात होणारी बोलाचाली ज्याने ऐकली आहे, त्याला ही कादंबरी कुणी समजावून द्यायला नको.

अडीचला जेवायला बसलो. भाच्याने फोन करून जागा धरली होती आणि पाएया कुठली हवी तेही त्याच वेळी सांगून ठेवलं होतं. ज्या घरात ती ताजी शिजते तिथे असंच करावं लागतं. हॉटेल साधं, कालव्याकाठचं, भिंतीवर जुनी जाळी आणि नावेची वल्ही. टेबलांवर आजी-आजोबांपासून कडेवरच्या पोरापर्यंत अख्खी कुटुंबं. आधी थोडंथोडं आलं. भाजलेली लाल ढोबळी मिरची आणि खारवलेल्या मासळीचे धागे, वर ऑलिव्हचं तेल. लसणाचं पांढरं, घोटलेलं लोणी आणि पाव. मग मातीच्या खोलगट भांड्यात वामचा रस्सा. या गावाची खरी ओळख हाच रस्सा आहे. लसूण, तांबडं तिखट, बटाट्याच्या फोडी, आणि तलावातली वाम. लसूण तेलात तांबूस करून त्यावर तिखट टाकायचं आणि ते करपायच्या आत पाणी घालायचं, एवढंच त्याचं मर्म. आमच्याकडेही पावसाळ्यात ढिवरांकडून वाम येते आणि आई तिचा असाच लालभडक रस्सा करायची. फरक तिखटाच्या धगीत. त्यांच्या मिरचीला गोडसर वास आणि रंग. आमच्या भिवापुरीने डोळ्यांत पाणी येतं. वाम आता युरोपभर कमी होत चालली आहे, तलावात पूर्वीसारखी सापडत नाही, म्हणून हा रस्सा मी जपून, पुसून खाल्ला.

मालकीणबाई साठीच्या. मी भाताच्या मुलखातली आहे हे भाच्याने सांगितल्यावर त्या आम्हाला सरळ मागच्या चुलीकडे घेऊन गेल्या. लाकडं संत्र्याची. नागपूरच्या संत्र्यांची एवढी सवय असून संत्र्याचं लाकूड जळताना मी पहिल्यांदाच पाहिलं. धूर हलका आणि किंचित गोड वासाचा. तिपाईवर रुंद, उथळ, दोन कानांची लोखंडी कढई. पाएया हे नाव मुळात या कढईचंच. आधी तेल टाकून ते मध्यावर एकसारखं थांबतं का पाहिलं, म्हणजे कढई समतल आहे हे कळतं. मग कोंबडीचे आणि सशाचे तुकडे. ते बाई घाई न करता परतत राहिल्या, खूप वेळ, चहूबाजूंनी सोनेरी होईपर्यंत. सगळी चव इथे ठरते, त्या म्हणाल्या, पुढे फक्त ती भातात उतरवायची असते. मग चपट्या हिरव्या शेंगा, मोठाले पांढरे दाणे, किसलेला टोमॅटो, तांबडं तिखट, आणि लगेच पाणी, कानांच्या खिळ्यांपर्यंत. ते पांढरे दाणे मुंबईकडे डबल बी म्हणून मिळतात, शिजल्यावर आत लोण्यासारखे होतात. अर्धा तास रस उकळला. केशर पडलं. रोजमेरीची एक काडी बुडवून थोड्या वेळाने काढून घेतली.

आता तांदूळ. तो धुतला नाही. धुतला तर अंगचा पिठूळपणा जातो आणि रस धरत नाही. कढईच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तांदळाची सरळ ओळ ओतली, बांधीच्या धुऱ्यासारखी. पाण्यावर तिची जेवढी उंची दिसते त्यावरून तांदूळ पुरला की नाही ते ठरतं. माप नाही, वाटी नाही. मग ती ओळ पसरून दाणान्‌दाणा पाण्याखाली नेला, आणि त्यानंतर झारा बाजूला ठेवला. पुढे ढवळायचं नाही. आधी आठ-दहा मिनिटं फडफडती आग, मग लाकडं ओढून मंद. अठरा-वीस मिनिटांत पाणी संपतं, आवाज बदलतो, उकळीच्या जागी चरचर ऐकू येते. तळाला खरवड धरू लागली ती त्या आवाजाने कळते, आणि ती जळायच्या आत कढई उतरवावी लागते. बाई कान देऊन उभ्या होत्या. भाताचं पातेलं उतरवायची वेळ माझी आई अशीच कानाने ओळखायची.

कढई जशीच्या तशी टेबलाच्या मधोमध आली. ताटं होती, पण भाच्याने ती बाजूला सारली. जुनी रीत अशी की प्रत्येकाने लाकडी चमचा घ्यायचा, आपल्या समोरचा तुकडा कडेपासून मध्याकडे खात जायचं आणि शेजाऱ्याच्या हद्दीत शिरायचं नाही. भाताचा थर बोटभरही जाड नव्हता. रंग पिवळा नाही, मातकट सोनेरी. दाणा वेगळा, पण कोरडा नाही. आतपर्यंत रस प्यायलेला, दाताखाली मधोमध किंचित ताठ. मांस त्यात जवळजवळ निमित्तापुरतं. कोंबडी, ससा, शेंग, धूर, सगळं दाण्यात गेलेलं. भात हेच मुख्य आणि बाकी सगळं त्याच्यासाठी, हे मला कुठल्याही परदेशी जेवणात याआधी भेटलं नव्हतं. ससा खाताना थोडी थबकले होते, पण खाल्ला, आणि तो कोंबडीहून सरस लागला. शेवटी खरवड. चमच्याच्या धारेने ती खरवडून काढायची. काळपट तांबूस, कुरकुरीत, चिकट, सगळ्या चवींचा अर्क. लहानपणी आम्हा भावंडांत तिच्यावरून भांडणं व्हायची. इथे शेजारच्या टेबलावर दोन आजोबांचं तेच चाललं होतं.

अस्सल पाएया कशाला म्हणायचं यावर या प्रांतात फार बारकाईने बोललं जातं. तेल, कोंबडी, ससा, चपटी शेंग, पांढरा दाणा, टोमॅटो, पाणी, मीठ, केशर, तांदूळ, असे दहा जिन्नस मुख्य मानले आहेत. त्यावर कुठे गोगलगाय चालते, कुठे बदक, कुठे रोजमेरी. कांदा नाही, वाटाणा नाही, सॉसेज तर नाहीच. जेमी ऑलिव्हर या इंग्रज शेफने २०१६ साली त्यात स्पॅनिश सॉसेज घातलं तेव्हा देशभर संताप उसळला. २०२१ साली व्हॅलेन्सियाच्या सरकारने पाएया शिजवण्याच्या परंपरेला सांस्कृतिक वारसा म्हणून कायद्याचं संरक्षण दिलं. हा आग्रह बाहेरच्याला हट्टी वाटतो. मला तो आवडला. त्या दहांपैकी टोमॅटो आणि पांढरा दाणा अमेरिकेतून आलेले, तांबडं तिखटही तिथलंच. तांदूळ आणि केशर अरबांनी आणलेलं. जिन्नस कुठून आले याला महत्त्व नाही. ते आता कुणाच्या शेतात पिकतात, कुणाला त्यांचा कस माहीत आहे आणि कुणाची त्यावर नजर आहे, याला आहे. या गावात जेवताना खिडकीतून तांदळाचं शेत दिसतं आणि शिजवणाऱ्या बाईला ते कुणाचं आहे हे ठाऊक असतं. शहरातल्या चौकात तीच कृती तंतोतंत केली तरी ही गोष्ट मिळणार नाही.

खाद्ययादीवर पाएयाच्या नावापुढे तांदळाच्या वाणाचं नाव छापलेलं होतं. ते वाचताना माझा घास थांबला. बोंबा, सेनिया, आल्बुफेरा. बोंबा आखूड, गोल दाण्याचा. रस पिऊन फुगतो पण फुटत नाही, म्हणून शिजवणाऱ्याला सोपा. पण त्याचं पीक उंच वाढतं, लोळतं, उतारा कमी, म्हणून महाग. सेनिया चव जास्त घेतो, पण दोन मिनिटं जास्त झाली की गिजगा होतो. आल्बुफेरा हा या दोघांच्या संकरातून झालेला. जेवायला आलेलं दहा वर्षांचं पोरगंसुद्धा आज कुठला तांदूळ, असं विचारत होतं.

नागभीड तालुक्यात नांदेड नावाचं खेडं आहे. तिथे दादाजी खोब्रागडे राहत होते. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. १९८३ साली 'पटेल ३' वाणाच्या धानात त्यांना वेगळ्या दिसणाऱ्या काही लोंब्या आढळल्या. त्यांनी त्या निवडून ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, वर्षानुवर्षं. त्यातून बारीक दाण्याचा, चवदार, भरपूर उताऱ्याचा तांदूळ तयार झाला. त्या काळात एचएमटी घड्याळांचं नाव गाजत होतं, तेच तांदळाला पडलं. आज विदर्भातच नव्हे तर शेजारच्या राज्यांतही एचएमटी लाखो घरांत शिजतो. दादाजींनी आणखी कितीतरी वाण काढले. डीआरके हे त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांचं. फोर्ब्ज मासिकाने २०१० साली त्यांची दखल घेतली. पण वाणाचा पैसा त्यांच्या घरी आला नाही, आणि ३ जून २०१८ रोजी ते गेले तेव्हाही हलाखी सरलेली नव्हती. वरोऱ्याहून नागपूरला किंवा चंद्रपूरला जाताना रस्त्यावरच्या कुठल्याही हॉटेलात बसा, जिरा राईस मिळेल, पुलाव मिळेल. तांदूळ कुठला, कुणाचा, हे कुठे लिहिलेलं नसतं. ताडोबा पाहायला जगभरातून माणसं येतात, वाघाचं नाव आणि त्याच्या आईचं नाव पाठ करून जातात, आणि ताटातला भात बिननावाचा खाऊन परततात. हे मला मनापासून लागतं. आपल्या खाद्ययादीवर 'एचएमटी, दादाजी खोब्रागडे, नांदेड, ता. नागभीड' एवढी ओळ छापायला खर्च येत नाही.

हे सगळं मी बाईंना सांगितलं, भाचा भाषांतर करत होता. त्यांनी नाव दोनदा उच्चारून घेतलं. मग त्या खुर्ची ओढून बसल्याच. जेवण झाल्यावर टेबल सोडायचं नाही, ही त्या देशाची फार चांगली रीत आहे. शेजारच्या टेबलांवरही कॉफी आली होती आणि कुणी उठायचं नाव घेत नव्हतं. बाईंनी आपली गोष्ट सांगितली. चिठ्ठ्या टाकून मासेमारीच्या जागा वाटण्याचा तो हक्क शतकानुशतकं बापाकडून मुलाकडेच जात असे. ज्याला मुलीच झाल्या त्याचा हक्क बुडाला. १९९० च्या दशकात गावातल्या काही बायका न्यायालयात गेल्या. गावात वैर झालं, नात्यातली माणसं बोलेनाशी झाली. तरी त्या मागे हटल्या नाहीत आणि न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. वामच्या रश्श्याची कृती बायकांची, आणि वाम धरायचा हक्क मात्र पुरुषांचा, हे कसं चालेल, असं बाई म्हणाल्या. माझ्याकडे सातबाऱ्यावर बाईचं नाव चढवण्याच्या इतक्या गोष्टी होत्या की कॉफी थंड झाली.

भारत म्हटल्यावर त्यांना आठवले भारतात गोरगरिबांसाठी काम केलेले स्पॅनिश विसेंते फेरर. स्पेनमध्ये हे नाव घराघरांत माहीत आहे. अनंतपूरच्या मुलांना मदत पाठवणारी कितीतरी कुटुंबं आहेत. हे फेरर आधी आमच्या महाराष्ट्रात, मनमाडला होते, हे त्यांना माहीत नव्हतं. तिथे त्यांनी शेतकऱ्यांबरोबर विहिरी खोदल्या. १९६८ साली सरकारने त्यांना देश सोडायला सांगितलं तेव्हा हजारो शेतकरी मनमाडहून मुंबईपर्यंत पायी चालत गेले. पुढच्या वर्षी ते परत आले ते आंध्रात. मग मी वरोऱ्याची, म्हणून आनंदवनाचं सांगितलं: १९४९ साली बाबा आमटे आणि साधनाताईंनी दगडाळ माळावर सहा कुष्ठरुग्णांना घेऊन सुरुवात केली, त्यांच्याच हातांनी विहिरी झाल्या, शेती झाली, माग लागले. बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "आमचं फोंतिल्येस." व्हॅलेन्सियाच्या दक्षिणेला डोंगरात कुष्ठरुग्णांसाठी बांधलेलं ते गाव, १९०९ साली तिथे पहिले रुग्ण आले. ते उभारणारे कार्लोस फेरीस हे जेझुइट याच तलावाकाठच्या आल्बाल गावचे. भीतीपोटी त्याच्याभोवती उंच भिंत घातली गेली होती, ती बाईंनी लहानपणी पाहिलेली. "तुमच्याकडे भिंत होती?" त्यांनी विचारलं. आनंदवनाला भिंत नव्हती, लोकांच्या मनात होती, आणि ती पडायला आनंदवनाच्या शेतातली भाजी बाजारात विकली जाण्यापर्यंत वाट पाहावी लागली, असं मी सांगितलं. अन्न कुणाच्या हातचं खातो यावरच शेवटी सगळं येऊन ठेपतं, हे त्यांना समजावून सांगायची गरज पडली नाही.

साडेपाच झाले होते. बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे कापणी कधी?"

"दिवाळीच्या आगेमागे. नोव्हेंबर."

"तेव्हा आमची शेतं पाण्याखाली असतात, पक्ष्यांसाठी आणि जमिनीसाठी सोडून देतो. मला मोकळीक असते. तिथे कुठल्या हॉटेलात जेवायचं?"

"हॉटेल शोधू नका. नागपूरला उतरा, मी घ्यायला येते." नव्या तांदळाचा भात, त्यावर वरण, वामचा रस्सा मिळाला तर वामचा, नाहीतर मरळचा. हरभऱ्याच्या पिठाचे गोळे घातलेला गोळाभात, वर हिंगाचं कडकडीत तेल. रात्री गावात नाटक असेल, दहा-अकराला पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत चालतं, शाल आणावी लागेल. बांधीवर एकटं जायचं नाही, वाघ असतो. भाचा हे सांगत असताना बाईंनी त्याला दोनदा थांबवून विचारलं, खरंच वाघ? त्यांच्या धानाला त्रास देतो तो अमेरिकेतून आलेला तांबडा झिंगा, बांधाला भोकं पाडतो एवढंच.

त्यांची एक अट होती. एक दिवस आमच्या चुलीवर पाएया त्या करणार. मी म्हटलं, "एचएमटीची तुमची पाएया जमायची नाही. तो दाणा बारीक, मोकळा होतो, तुमच्यासारखा रस धरत नाही." मग कुठला धरेल, यावर आमची आणखी अर्धा तास चर्चा झाली. गावात जाडा धान करणारी दोन-चार घरं अजून आहेत, त्यांच्याकडून पायलीभर तांदूळ बाजूला काढून ठेवायचं ठरलं. कढई त्या आणणार. संत्र्याची लाकडं मी काटोलकडून मागवणार आहे.